ठोका आधी, अक्षर नंतर: बायझंटाईन नाण्यांवरचे काउंटरमार्क कसे ओळखायचे

बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याचं, तांब्याचं नाणं हातात आलं आणि त्यावर एक छोटा, आत दबलेला ठसा (यालाच काउंटरमार्क म्हणतात) दिसला, की माणूस लगेच भिंग काढून त्या ठशात काय लिहिलंय ते वाचायला बसतो. ते राहू द्या. आधी नाणं उलटं करा आणि ठशाच्या बरोबर मागे काय झालंय ते बघा. पंचाचा ठोका एका बाजूला बसतो, पण त्याचा हिशोब दोन्ही बाजूंना राहतो.

माझी नोकरी चिंचवडला टूलरूममध्ये पंच आणि डाय, म्हणजे धातूवर छाप उठवायचे ठसे, बनवण्यात गेली. ग्रीक मला येत नाही, लॅटिन अक्षरं ओळखण्यापुरती येतात. पण ठोका वाचता येतो: कुठून आला, सरळ बसला की तिरका, खाली ऐरण होती की लाकूड. मुलगी म्युनिकला असते. तिच्याकडे गेलो की जुन्या नाण्यांच्या बाजारात स्वस्तातल्या पेट्या उपसत बसतो. आमची ही तेवढ्यात दुकानं बघून येते. त्या पेट्यांत झिजलेले बायझंटाईन फोलिस, म्हणजे तांब्याची मोठी नाणी, भरपूर असतात, आणि मधूनच एखाद्यावर काउंटरमार्क असतो, जो विकणाऱ्याच्याही लक्षात आलेला नसतो. तो कसा ओळखायचा, एवढंच इथे सांगायचंय.

सामान फार लागत नाही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा वजनकाटा, प्लॅस्टिकचा व्हर्नियर (स्टीलचा नको, नाण्यावर चरे पडतात) आणि हलवता येईल असा एक दिवा. छताचा दिवा बंद करायचा आणि हातातला दिवा नाण्याच्या जवळजवळ पातळीत आणायचा. नाणं जागेवर गोल फिरवत राहायचं. वरून पडलेल्या उजेडात ज्या खुणा गायब असतात, त्या अशा आडव्या उजेडात उठून दिसतात. लिलावातल्या फोटोंचं एक लक्षात ठेवा: उजेड खालून आलेला असेल तर खोलगट भाग उंच आणि उंच भाग खोल भासतो. शंका आली की फोटो फोनवर उलटा करून बघा.

काउंटरमार्क कशाला म्हणायचं, हे आधी पक्कं करू. नाणं टांकसाळीत पाडलं गेलं, बाजारात फिरलं, झिजलं. मग पुढे केव्हातरी अधिकाऱ्यांनी ते ऐरणीवर ठेवून त्यावर छोट्या पंचाने खूण मारली, की हे आमच्याकडे चालेल. पंचावर अक्षर किंवा चित्र उलटं आणि खोल कोरलेलं असतं. त्यामुळे नाण्यावर एक गोल, लंबगोल किंवा चौकोनी चौकट आत दबते आणि त्या खड्ड्याच्या तळातून अक्षर वर उठलेलं दिसतं. ही चौकट सगळ्यात महत्त्वाची. चौकट नाही आणि अक्षर नुसतं खोल खणलेलं आहे, तर ते कोणी टोकदार हत्याराने ओरखडलंय किंवा छिन्नीने कापलंय.

पूर्ण आकाराच्या डायने पुन्हा पाडलेलं नाणं हा वेगळा प्रकार, त्याला ओव्हरस्ट्राइक म्हणतात. आपल्याकडे जोगलटेंभीचा साठा बहुतेकांना माहीत असतो: 1906 मध्ये नाशिकजवळ सापडलेली नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी, त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारून घेतला होता. खालून नहपानाचा चेहरा डोकावतो. तो ओव्हरस्ट्राइक. बायझंटाईन सम्राट हेराक्लियसनेही (610 ते 641) हेच भरपूर केलं. आधीच्या फॉकस आणि मॉरिस यांची नाणी गोळा करून पुन्हा डायखाली घातली. कधी जुन्या मोठ्या फोलिसचे कातरून तुकडे केले आणि त्या तुकड्यांवर नवीन नाणी पाडली. अशा नाण्यावर दोन राजांची अक्षरं एकमेकांत घुसलेली असतात, आणि नवखा माणूस त्यातल्या एखाद्या तुटक्या अक्षराला काउंटरमार्क समजतो. चौकट शोधा. चौकट नसेल तर सोडून द्या.

मूळ नाणं ओळखा

ठसा वाचण्याआधी तो कशावर मारलाय ते कळलं पाहिजे. सुदैवाने बायझंटाईन तांब्याची नाणी याबाबतीत फार सोयीची आहेत. 498 मध्ये अॅनास्टेशियस या सम्राटाने तांब्याच्या नाण्यांची घडी नव्याने बसवली आणि मागच्या बाजूला मूल्य मोठ्या अक्षरात घातलं. ग्रीक आकडे अक्षरांनीच लिहितात: एम म्हणजे 40 नुम्मी (नुम्मी हे सगळ्यात छोटं एकक), के म्हणजे 20, आय म्हणजे 10, ई म्हणजे 5. चाळिसाचं ते फोलिस. सुरुवातीला ते आठ-नऊ ग्रॅमचं होतं, 512 मध्ये वजन दुप्पट केलं गेलं. मग 538-39 मध्ये जस्टिनियनने अजून एक उपकार केला. तोवर राजाचा चेहरा एका बाजूने दिसायचा. त्याने तो समोर बघणारा केला, आणि मागच्या बाजूला एमच्या डावीकडे ‘अॅनो’ म्हणजे वर्ष हा शब्द, उजवीकडे राज्यारोहणापासूनचं वर्ष रोमन आकड्यात. तो गादीवर आला 527 मध्ये, म्हणून पहिली तारीख बाराव्या वर्षाची. त्या काळचा फोलिस 20 ग्रॅमच्या वर भरतो आणि आडवा 40 मिलिमीटरच्या आसपास जातो. तो एकदा हातात घेतला की पुढची शंभर वर्षं नाणं कसं रोडावत गेलं ते काट्याशिवायही कळतं. हेराक्लियसचं सुरुवातीचं नाणं साधारण अकरा ग्रॅमचं, नंतरची त्याच्या निम्म्यावर येतात. मधे 629-30 च्या सुमारास थोडा काळ वजन परत वाढवलं, पण ते टिकलं नाही.

एमच्या खाली टांकसाळीचं नाव असतं. सी-ओ-एन म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, एन-आय-के-ओ म्हणजे निकोमीडिया, के-वाय-झेड म्हणजे सायझिकस. टी-एच-ई-यू-पी दिसलं तर ते अँटिओक. 528 च्या भूकंपानंतर शहराचं नाव बदलून थिओपोलिस, म्हणजे देवाचं नगर, असं ठेवलं होतं. एमच्या दोन पायांमध्ये एक बारीक ग्रीक अक्षर असतं, ते टांकसाळीतल्या विभागाचं.

हे सगळं कशाला, तर ठसा मूळ नाण्याच्या तारखेच्या आधीचा असू शकत नाही. हेराक्लियसच्या विसाव्या वर्षाच्या नाण्यावर ठसा असेल तर तो 629 च्या आधीचा असूच शकत नाही. ठसा अर्धवट उमटलाय, अक्षर लागत नाही, अशा वेळी बरेचदा एवढ्या एका गोष्टीवर निर्णय होतो. उलट दिशेने मात्र फसू नका. मूळ नाणं अॅनास्टेशियसचं आहे म्हणून ठसाही त्याच काळातला, असं होत नाही. ही नाणी शंभर-सव्वाशे वर्षं सहज फिरत होती.

आता मागची बाजू

अंगठा ठशावर ठेवा, तर्जनी बरोबर त्याच्या मागे. तसंच धरून नाणं उलटा. तर्जनीखाली जे आहे ते बघा.

नाणं कठीण ऐरणीवर ठेवून ठोकलं असेल तर मागचं नक्षीकाम तिथे चपटं झालेलं असतं. एमचा पाय चालत येतो आणि मधेच त्याची उंची नाहीशी होते, पुढे परत सुरू होते. ही झीज नव्हे. झीज उंच भागावर सगळीकडे सारखी आणि गोलसर असते. ठोक्याची सपाटी एकाच जागी आणि तिचा आकार पुढच्या पंचाच्या आकाराशी जुळणारा. खाली लाकूड किंवा शिसं असेल तर सपाटीऐवजी हलका फुगवटा येतो. दोन्ही खरे. पुढे खोल चौकट आणि मागे काहीच नाही, एमचा पाय ताठ उभा, असं दिसलं तर मी ते नाणं खाली ठेवतो. धातू कुठेतरी जायला हवा. तो मागे गेला नाही, बाजूला सरकला नाही, कडेला तडा गेला नाही, तर बहुतेक ठसा ठोकलेलाच नाही: एक तर साच्यात ओतलेली नक्कल असेल, नाहीतर कोणीतरी कोरून काढलेलं.

कडाही बघा. काउंटरमार्क थंड नाण्यावर मारला जातो, आणि टांकसाळीच्या ठोक्याने तो धातू आधीच कडक झालेला असतो. कडेजवळ बसलेल्या ठोक्याने नाण्याचा गोल तिथे किंचित बाहेर ढकलला जातो, कधी बारीक चीर पडते. चिरेच्या आत तीच जुनी काळपट-हिरवी पुटं हवीत.

आणि एक: ठशातली झीज मूळ नाण्यापेक्षा कमी असली पाहिजे. तो नंतर मारलाय, शिवाय खड्ड्यात बसलेला असल्याने त्याला संरक्षण मिळतं. मूळ राजाचा चेहरा ताजातवाना आणि ठसा मात्र घासून गेलेला, हे उलटं गणित झालं.

सिसिलीची जोडी

सुरुवात कशापासून करावी असं कोणी विचारलं तर मी सिसिली सांगेन. हेराक्लियसच्या काळात त्या बेटाला मोठी तांब्याची नाणी हवी होती. मॉरिसच्या काळापासून कॅटानियाला टांकसाळ होती, पण ती लहान मूल्यांची नाणी पाडायची. म्हणून जुने, जड फोलिस घेतले आणि दोन्ही बाजूंना ठसे मारले. दोन प्रकार आहेत. पहिल्यात पुढच्या बाजूच्या ठशात मुकुट घातलेला एकटा हेराक्लियस समोर बघतोय आणि त्याच्या उजवीकडे त्याच्या नावाचा मोनोग्राम; मूळ नाणी अॅनास्टेशियस, पहिला जस्टिन, जस्टिनियन यांची. दुसऱ्यात दोन चेहरे, हेराक्लियस आणि त्याचा मुलगा हेराक्लियस कॉन्स्टंटाईन. हा 630 च्या दशकातला, आणि मूळ नाणी बहुधा हेराक्लियसचीच, 629-30 नंतरची ती वजनदार, ज्यावर तो लष्करी पोशाखात लांब दाढी घेऊन मुलाशेजारी उभा आहे. दोन्ही प्रकारांत मागच्या ठशात एस-सी-एल ही अक्षरं, म्हणजे सिसिलीचं संक्षिप्त नाव, आणि वर मोनोग्राम.

मोनोग्रामला घाबरू नका. हेराक्लिओस या ग्रीक नावातली ईटा, रो, काप्पा वगैरे अक्षरं एकमेकांच्या दांड्या उसन्या घेऊन एकात गुंतवलेली असतात. ओळखण्याची खूण म्हणजे उभ्या दांड्याच्या डोक्याला रोची गोल गाठ आणि तिथूनच बाजूला फुटणारे तिरपे हात. ती गाठ सापडली की बाकीचं हळूहळू लागतं.

माझ्याकडचं नाणं असं आहे. मूळ फोलिस जस्टिनियनचा, बाजूने दिसणाऱ्या चेहऱ्याचा, म्हणजे 538 च्या आधीचा. त्याचं नाक, हनुवटी, खांद्यावरची पिन, सगळं झिजून एक सपाट सावली उरलीय. त्याच्या छातीच्या जागी लंबगोल खड्डा, आणि त्यात हेराक्लियसचे दोन डोळे अजून टिकलेले, दाढीच्या रेघा मोजता येतील इतक्या स्पष्ट. डावी कड खोल, उजवी उथळ: पंच डावीकडे कलला होता, म्हणून मोनोग्रामचा अर्धा भाग उमटलाच नाही. टूलरूममध्ये असा ठोका मारणाऱ्या पोराला मी परत मारायला लावला असता. मागे एमच्या डाव्या पायावर एस आणि सी नीट, एलचा फक्त दांडा. इथे मागच्या सपाटीचा नियम जरा बदलतो, कारण मागेही पंच बसलाय. दोन ठसे समोरासमोर आले की एक दुसऱ्याला चेपतो. मग दोन्हींच्या आसपासच्या भागातली चपटी जागा बघायची.

सीरिया, सायप्रस आणि अरबी शब्द

पूर्वेकडची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. पर्शियन सैन्याने 613 मध्ये दमास्कस आणि 614 मध्ये जेरुसलेम घेतलं. हेराक्लियसने ते प्रांत परत मिळवले खरे, पण अँटिओकची टांकसाळ पुन्हा सुरू झाली नाही. लगेच अरब स्वाऱ्या सुरू झाल्या. 636 मध्ये यर्मूकच्या लढाईत बायझंटाईन सैन्य मोडलं आणि 640-41 मध्ये सीझरियाही पडलं. या धामधुमीत सीरिया-पॅलेस्टाईनमध्ये जुन्या फोलिसवर हेराक्लियसच्या मोनोग्रामचे ठसे मारले गेले. सिसिलीसारखी एस-सी-एल अक्षरं इथे नसतात, चेहराही नसतो. नुसता मोनोग्राम, लहान चौकटीत. म्हणून नाणं कुठून आलंय ही माहिती इथे सोन्यासारखी. सायप्रसवर पुढे सम्राट दुसरा कॉन्स्टन्स (हेराक्लियसचा नातू) याच्या मोनोग्रामचे ठसे मिळतात. तेही याच घरातले, पण मूळ नाणी बरीच लहान आणि वेडीवाकडी, त्यामुळे ओळखायला जड.

सत्ता बदलल्यावर अरबी ठसे येतात. दोन शब्द पाठ करा: ‘तय्यिब’ म्हणजे चांगलं, चालणारं, आणि ‘लिल्लाह’ म्हणजे अल्लासाठी. लिपी जुनी, नुक्त्यांशिवाय, म्हणून आजची अरबी वाचता येणाराही अडखळतो. एक सापळा सांगून ठेवतो. हिम्स शहरात, म्हणजे जुन्या एमेसात, अरबांनी बायझंटाईन धर्तीची जी नाणी पाडली त्यांवर ग्रीक ‘कालोन’ आणि अरबी ‘तय्यिब’ हे दोन्ही शब्द असतात, दोन्हींचा अर्थ चांगलं. पण ते मूळ डायमध्येच कोरलेले आहेत, नंतर मारलेले नाहीत. तिथे चौकट नसते आणि मागे सपाटी नसते. शब्द तोच, तरी काउंटरमार्क नव्हे.

पश्चिमेला याच्याही आधीचा एक प्रकार आहे, तो पंचाचा नसून छिन्नीचा. पहिल्या-दुसऱ्या शतकातली मोठी रोमन ब्राँझ नाणी पाचव्या शतकाच्या शेवटी किंवा सहाव्या शतकात परत चलनात आली, आणि त्यावर रोमन आकड्यात 42 किंवा 83 कापलं गेलं. मध्यम आकाराच्या नाण्यावर 42, सगळ्यात मोठ्यावर 83. प्रत्येक रेघ म्हणजे छिन्नीचा वेगळा घाव, इंग्रजी व्हीच्या आकाराची चर. उत्तर आफ्रिकेत व्हँडल या जर्मन टोळीचं राज्य होतं, तिथे हे झालं की इटलीत, यावर अभ्यासक भांडतात. व्हँडलांच्या कार्थेजच्या नाण्यांवर 42, 21, 12 आणि 4 अशी मूल्यं येतात, त्यामुळे माझं मत आफ्रिकेकडे झुकतं. माझ्या मताला काही किंमत नाही म्हणा.

खोटे ठसे

झिजलेला साधा फोलिस स्वस्त असतो, ठशाचा महाग. त्यामुळे खऱ्या नाण्यावर आजचा पंच मारणारे कारागीर आहेतच. भिंगाखाली खड्ड्याची भिंत बघा. खऱ्या ठशात बाहेरचा पॅटिना, म्हणजे ते जुनं काळपट-हिरवं पुट, भिंतीवरून उतरून तळापर्यंत सलग जातो. खोट्यात तो कडेवर तुटतो, त्याच्या कपच्या उडालेल्या असतात, आणि आत तांबूस धातू चमकतो किंवा तो झाकायला रंग भरलेला असतो. पंचाने बाहेर ढकललेल्या धातूची बारीक धार, जिला आम्ही ‘बर’ म्हणतो, तेराशे-चौदाशे वर्षांनी नखाला टोचत नाही.

पूर्वेकडच्या नाण्यांवर पिवळसर-तांबडी माती खोलगट भागात बसलेली असते आणि अक्षरं तिच्यामुळे सुरेख उठून दिसतात. ती माती बऱ्याचदा विकणाऱ्याने गोंदाने चिकटवलेली असते. नाणं आधी घ्या, मग खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब, काचेच्या भांड्यात अॅसिटोनमध्ये बुडवा. गोंद सुटतो, अस्सल माती बहुधा जागेवर राहते. लिंबू, चिंच, पितांबरी, यांपैकी काहीही लावायचं नाही. देवाची भांडी वेगळी. फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली तर तो ब्राँझचा रोग. ते नाणं बाकीच्यांपासून बाजूला काढा आणि कोरडं ठेवा.

सीरियातून आलेल्या मालाबद्दल मी फार काटेकोर आहे. 15 मार्च 2011 नंतर तिथून बेकायदा बाहेर काढलेल्या सांस्कृतिक वस्तूंच्या व्यापारावर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 2015 च्या 2199 क्रमांकाच्या ठरावाने बंदी घातली आहे. विकणाऱ्याकडे त्याआधीचं बिल, जुन्या लिलावाची नोंद किंवा जुन्या संग्रहाचं पाकीट नसेल तर नाणं कितीही सुंदर असो, मी घेत नाही. भारतात शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरतं आणि आपल्याला ते बाहेर नेता येत नाही. म्हणून माझा सगळा खटाटोप मुलीच्या कपाटात राहतो.

नोंद करताना एमचे पाय खाली येतील असं नाणं धरायचं आणि मागच्या ठशाची जागा घड्याळाच्या काट्यांत सांगायची. पुढच्या बाजूला राजाचं डोकं वर. एकाहून जास्त ठसे असतील आणि एकमेकांवर चढले असतील तर कोणता आधीचा ते लिहा: ज्याची चौकट अखंड, तो नंतरचा. त्या सिसिलीच्या नाण्याचं माझं कार्ड असं:

मूळ: जस्टिनियन, फोलिस, चेहरा उजवीकडे, तारीख नाही. टांकसाळ: सी-ओ-एन, शेवटचं अक्षर अंधुक. विभाग: वाचता येत नाही. कड: चार वाजता चीर, जुनी. ठसा पुढे: लंबगोल, एकटा चेहरा, दाढी आखूड, सहा वाजता, पंच डावीकडे कललेला, मोनोग्राम अर्धा. ठसा मागे: एस-सी-एल, आठ वाजता, एमच्या डाव्या पायावर. झीज: मूळ जास्त, ठसे कमी. पॅटिना: सलग. कागद: जुन्या लिलावाचं पाकीट आणि बिल, दोन्ही सोबत.